अमळनेरच्या गुणे मास्तरांची मोजणी

वडोद्याच्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेत १९२०-२१ साली काही तरुण पोट आत ओढून उभे राहिले. श्वास पूर्ण सोडलेला, पोटाचा खळगा पाठीला टेकल्यासारखा. हा उड्डियान बंध. मग पोटाचे मधले स्नायू दोरखंडासारखे पुढे काढून ते डावी-उजवीकडे फिरवायचे, ती नौली. मठांत आणि साधूंच्या आश्रमांत हे प्रकार पिढ्यानपिढ्या चालत आलेले होते. इथे मात्र त्यांच्याभोवती वैद्यकाची उपकरणे होती, आणि ती मांडून बसलेला माणूस डॉक्टर नव्हता. जगन्नाथ गणेश गुणे हे खानदेशात, अमळनेरला शिकवणारे मास्तर होते. पुढे लोक त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागले.

आज जळगाव-धुळ्याकडच्या घराघरांत कर्करोगावरची केमो घेऊन परतलेल्या माणसाच्या मनगटावर मुलगी किंवा सून घड्याळासारखा, पावले मोजणारा एक पट्टा बांधते आणि म्हणते, "बाबा, आज ओसरीपासून फाटकापर्यंत चार खेपा तरी घाला." आजाऱ्याने हालचाल करावी, ती बेताने करावी आणि मोजून करावी, हा विचार त्या घड्याळाबरोबर परदेशातून आला असे वाटणे साहजिक आहे. पण त्याचा एक जुना धागा बोरी नदीकाठच्या अमळनेरात सापडतो. गुण्यांचे प्रयोग कर्करोगावर नव्हते, हे आधीच सांगायला हवे. तरीही थकलेल्या शरीराकडे कसे पाहायचे, याची त्यांनी घालून दिलेली रीत आजच्या उपचाराच्या फार जवळची आहे.

खानदेशातल्या गावाला व्यायाम नवा नव्हता. मारुतीचे देऊळ, शेजारी तालीम, तांबडी माती, जोर-बैठका आणि पोळ्यानंतरच्या कुस्त्या. पण तालीम धडधाकटांची. दुखणाईत माणसाची जागा बाजेवर. ताप असो, बाळंतपण असो की क्षय, सल्ला एकच: पडून राहा, उठू नका, खा आणि निजा. या सल्ल्यात माया होती, आणि पुष्कळ दुखण्यांत तो बरोबरही होता. व्यायाम आणि आजार या दोन गोष्टींची गाठ एकाच अंगणात पडावी, असे मात्र कुणाला सुचत नव्हते.

गुण्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातेतल्या डभोईचा. १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला हा मुलगा १९०७ ते १९१० या काळात वडोद्याला जुम्मादादा व्यायाम मंदिरात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली घडला. टिळकांच्या राजकारणाने भारावलेली ती पिढी. अमळनेरला ते खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या कामात आले आणि राष्ट्रीय कॉलेजात शिकवू लागले. १९१६ ते १९२३ अशी ही वर्षे. याच गावात श्रीमंत प्रतापशेठांच्या आश्रयाने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले होते. त्याच मंदिरात थोड्याच वर्षांनी साने गुरुजी आले आणि मग तिथल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. कापसाच्या गिरणीचे गाव आणि त्यात वेदान्ताची चर्चा, असे अमळनेरचे तेव्हाचे रूप. मोठ्या शहराबाहेर एवढे मोठे प्रश्न कुणी विचारत नाही, असे समजणाऱ्यांनी या गावाची ती दहा वर्षे जरूर वाचावीत.

अमळनेरच्या त्या दिवसांतच, १९१९ साली, गुण्यांना नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदास भेटले. बंगाली योगी, वयाने खूप वृद्ध. त्यांच्याकडून योग शिकताना गुण्यांच्या मनात जो प्रश्न उभा राहिला तो शिक्षकाचा होता: आत नेमके काय घडते? गुरूवर श्रद्धा पूर्ण होती. तरी दाखवता आल्याशिवाय सांगायचे नाही, अशी त्यांची वृत्ती होती, म्हणून ते वडोद्याच्या प्रयोगशाळेत गेले. १९२३ मध्ये सरकारने राष्ट्रीय कॉलेज बंद पाडले आणि ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झाले. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक निघाले. त्यात आसनांचे वर्णन असे, आणि त्याबरोबर क्ष-किरणाच्या प्रतिमा आणि दाबमापकावरचे आकडेही असत. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असे त्यांना पाऱ्याच्या दाबमापकावर दिसले. त्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले: माधवदास व्हॅक्युम.

पण आपल्या विषयाला सगळ्यात जवळचा प्रसंग लोणावळ्यात घडलेला नाही. तो टपालातून घडला.

१९२७ च्या सुरुवातीला गांधीजी खादीसाठी दौऱ्यावर होते. खानदेश त्या वाटेत होता. रोज सभा, रोज प्रवास. मार्चअखेर कोल्हापुरात शरीराने साथ सोडली. रक्तदाब फार वाढला होता आणि डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. आधी आंबोली, मग म्हैसूर संस्थानातला नंदी डोंगर. तिथून कुवलयानंदांशी पत्रव्यवहार झाला. स्वामींनी शवासनासह काही आसने सुचवली आणि गांधीजी आपल्या रक्तदाबाचे आकडे त्यांना कळवत राहिले. थकून खचलेला माणूस, दूरवर बसलेला सल्लागार, शरीराला झेपेल तेवढी क्रिया, त्यानंतरची नोंद, आणि नोंद पाहून पुढचा सल्ला. आज मनगटावरचा पट्टा आणि फोन मिळून जे करतात त्याचा सगळा सांगाडा यात आहे. फक्त आकडा पोचायला टपालाचे दिवस लागत.

मोजण्याचे साधन लहान होत होत मनगटावर कसे आले, ती गोष्ट थोडक्यात सांगता येते. १९३७ साली आल्रिक हर्ट्झमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने बोटातल्या रक्ताची भर-ओसर प्रकाशाने टिपली. घड्याळाखाली लुकलुकणारा हिरवा दिवा त्याच तत्त्वावर चालतो: रक्त हिरवा प्रकाश शोषते, ठोक्यागणिक रक्त कमी-जास्त होते आणि परतणारा उजेड त्याप्रमाणे बदलतो. १९६५ मध्ये जपानात पावले मोजणारे 'मानपो-केई' विकायला आले. त्या नावाचा अर्थच दहा हजार पावलांचे मापक. दहा हजारांचा तो प्रसिद्ध आकडा तिथूनच आला, कुठल्या वैद्यकीय संशोधनातून नव्हे. कर्करोगाच्या रुग्णाने तो लगेच विसरावा.

कर्करोगाचा थकवा हा वेगळाच प्राणी आहे. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईचा शीण रात्रीच्या झोपेने उतरतो. हा उतरत नाही. आंघोळ केली तरी दम लागतो, ताटावर बसून घास उचलवत नाही, आणि घरच्यांना वाटते माणूस मनाने खचला. खरी कारणे अनेक असतात आणि एकात एक अडकलेली असतात: हिमोग्लोबिन घसरणे, शरीरातला दाह, वेदना, मोडलेली झोप, थायरॉइड, उदासी. त्यात पडून राहिल्याने स्नायू झडतात. मग थोडे उठले तरी जास्त थकवा येतो आणि माणूस आणखी पडून राहतो.

हे चक्र तोडण्याचे काम एका परिचारिकेने केले. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात मेरिल विनिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केमो घेणाऱ्या, स्तनाच्या कर्करोगाच्या ४५ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांच्यातल्या एका गटाला दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा जागच्या सायकलवर बसवले. काही वेळ जोरात, काही वेळ हळू. त्या गटाची ताकद वाढली. हा अभ्यास १९८९ मध्ये छापून आला, तेव्हाही बहुतेक रुग्णांना विश्रांतीच सांगितली जात होती. आज क्रीडावैद्यकाच्या तज्ज्ञांचा २०१९ सालचा सल्ला असा आहे: आठवड्यातून तीन दिवस अर्धा-अर्धा तास बेताचा दम लागेल अशी हालचाल, आणि जमल्यास दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. योगही उपचाराच्या खोलीत आला आहे. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. नीता नायर यांच्या नेतृत्वाखाली स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्णांवर योगाची चाचणी झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये ती सॅन अँटोनियोच्या परिषदेत मांडली गेली. लोणावळ्याहून परळ फार लांब नाही, पण या विचाराला तिथे पोचायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

आणि पट्टा? ऑस्ट्रेलियातल्या ८३ स्त्रियांच्या एका चाचणीत त्याची परीक्षा झाली. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपलेल्या या स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांना बारा आठवडे पट्टा दिला. त्यांची हालचाल वाढली आणि थकवाही उतरला. मात्र त्यांना नुसता पट्टा दिला नव्हता. आधी एक प्रत्यक्ष भेट आणि नंतर नेमाने फोन होते. नंदी डोंगरावर आलेल्या पत्रांची जागा त्या फोननी घेतली, असे म्हटले तरी चालेल.

खानदेशात हे कसे जमवायचे, हा प्रश्न खरा आहे, कारण इथले ऊन खरे आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसवर जातो. तेव्हा केमोनंतर चालायचे ते उजाडताना, मेहरूण तलावाच्या काठी किंवा धुळ्यात पांझरेच्या कडेने, नाहीतर घरातल्या घरात. घड्याळातला ठोक्यांचा आकडा आंधळेपणाने धरू नये. रक्त कमी असले की नाडी बसल्या जागी धावते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या तिला दाबून ठेवतात. त्यापेक्षा चालताना शेजारच्याशी बोलता येते का, ते पाहावे. वाक्य तुटू लागले की थांबावे. ताप, घसरलेले प्लेटलेट, हाडांत पसरलेला रोग किंवा छातीत धडधड असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये.

जळगावहून रात्रीच्या गाडीने दादरला तपासणीसाठी निघणाऱ्या माणसाच्या पिशवीत फाइल असतेच. तिच्यात एक शंभर पानी वही ठेवावी. रोजची पावले, रात्रीची झोप, दहापैकी थकवा किती, आणि केमोनंतरचा कितवा दिवस, एवढ्या चार रकान्यांची. ओपीडीत "कसं वाटतंय?" या प्रश्नाला बहुतेक जण "बरं आहे" म्हणून उठतात. वही उघडली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आकडा कुठे कोसळतो आणि नवव्या दिवशी कसा सावरतो ते डॉक्टरांना दिसते, आणि पुढच्या फेरीत किती चालायचे हे तिथेच, त्या पानावर, पेन्सिलीने ठरवता येते.