कनातीतले चित्रगृह
दिनांक 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वसामान्य प्रेक्षकांसमोर आला, तेव्हा निजामाच्या अंमलाखालील मुदखेडास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग येऊन सुमारे एक तप लोटले होते. मुंबईचा रसिक नक्षीदार रंगमंदिरांत बसे. मुदखेडसारख्या गावांच्या जत्राजत्रांतून मात्र कनातीचा तंबू, बहुधा एकच प्रक्षेपणयंत्र आणि रीळ बदलताना पसरणारा काळोख एवढ्याच सरंजामावर फिरते चित्रगृह उभे राही, आणि पावसाळा लागताच ते गुंडाळले जाई. अशा नक्षीदार रंगमंदिरांपैकी 1993 साली बंद पडलेले मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस जीर्णोद्धारानंतर 2016 साली पुन्हा उघडले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ज्या कनातींनी आडगावच्या रयतेस पहिले चलच्चित्र दाखविले, त्यांचेही दप्तर कोणी आस्थेने जुळवावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.