भाकरीवरची तेलाची धार

दिवाळी हा जसा दिव्यांचा सण, तसाच तो तेलाचाही सण आहे. पणतीत तेल, पहाटेच्या अभ्यंगात तेल, आणि स्वयंपाकघरात तर या चार दिवसांत तेलातुपाखेरीज पान हलत नाही. वर्षभर हात आखडून वाढणारी गृहिणीदेखील या दिवसांत करंजीच्या मोहनाला कंजूषपणा करीत नाही. ज्या घरी एरवी तेलाचा डबा जपून उतरवतात, त्या घरीही चकलीची कढई चढते. वर्षातून एकदा तरी सर्वांच्या ताटात स्निग्ध पदार्थ पडावा, अशी सोय आपल्या सणांनी मोठ्या शहाणपणाने करून ठेवली आहे.

हे सुचण्याचे कारण असे की, हल्ली आहाराचा एक नवा पंथ निघाला आहे. भाकरी, पोळी, भात, साखर सोडा. तूप, लोणी, अंडी, मांस भरपूर खा. अंग हलके होईल आणि बळही येईल, असे तो सांगतो. खुर्चीवर बसणारी माणसे तो आचरतात, आणि काहींना गुणही येतो. आता तर अंगमेहनत करणाऱ्यांनाही हाच मंत्र दिला जात आहे. तेव्हा आपल्या वऱ्हाडातल्या राबणाऱ्या माणसाने आजवर काय खाल्ले आणि कशाच्या जोरावर काम केले, हे एकदा पाहावेसे वाटले.

त्यासाठी धामणगावच्या स्टेशनावर उतरू. १८६७ साली मुंबईहून निघालेले रूळ नागपूरला पोहोचले आणि वाटेतल्या कित्येक गावांचे नशीब पालटले. धामणगावला तर 'रेल्वे' हे आडनावच चिकटले. यवतमाळकडून येणारा रस्ता याच स्टेशनाला मिळत असे. सुगी झाली की त्या रस्त्याने कापसाच्या गाड्यांची रांग लागे. रेच्यातून सरकी निराळी होई, रुई दाबून गठाण बांधली जाई, आणि ती मालगाडीत चढे. मुंबईच्या बाजारातली गठाण ३९२ पौंडांची, म्हणजे सुमारे पावणेदोनशे किलोंची. ती हलवणारा, लोटणारा, रचणारा हमाल दिवसभर काय खाऊन उभा राही?

त्याची शिदोरी कुणालाही पाठ आहे. ज्वारीच्या दोनचार भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा, कधी झुणका, कधी तुरीच्या डाळीचे वरण. आणि परवडेल त्या दिवशी जवसाच्या किंवा तिळाच्या चटणीवर कच्च्या तेलाची धार. ही धार मोठी बोलकी असते. भाकरी रोजचीच, पण तेलाची धार किती लांब पडली, यावरून त्या आठवड्याची मजुरी कळावी! एक भार पिठातून जेवढी शक्ती मिळते, तेवढ्याच भाराच्या तेलातून तिच्या दुपटीहून अधिक मिळते, हे शास्त्राने पुढे मोजून सांगितले. वऱ्हाडी माणसाला ते मोजमापाशिवायच ठाऊक होते. म्हणून तर रोडगे फोडून तुपात भिजवायचे, ते सणावाराच्या पंक्तीला.

मौज अशी की, हेच ज्ञान त्याने आपल्या बैलाच्या बाबतीत अधिक उदारपणे वापरले. पेरणी-वखरणीच्या दिवसांत बैलाला भिजवलेली सरकी आणि ढेप घालण्याची चाल जुनी आहे. सरकीत सुमारे पाचवा हिस्सा तेल असते. कच्ची सरकी माणसाला बाधते, तिच्यात एक विषारी द्रव्य असते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मात्र ते बरेचसे निष्प्रभ होते. म्हणजे एकाच बोंडातली रुई परदेशी गेली, सरकी बैलाच्या गव्हाणीत गेली, आणि ज्याने ते बोंड वेचले त्याच्या वाट्याला भाकरी आली. आज शुद्ध केलेले सरकीचे तेल आपल्या फराळाच्या कढईत येते, हा पुढचा काळ.

आता या नव्या पंथाचे मूळ पाहा. १८६३ साली लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाच्या गृहस्थाने एक चोपडे छापले. हा अंत्यविधीचे सामान पुरवणारा सुखवस्तू व्यावसायिक. अंग इतके सुटले होते की, बुटाची नाडी बांधणेही कठीण. वैद्याच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बटाटे, बिअर सोडली; मांसावर भर दिला; आणि तो उतरला. चोपडे भराभर खपले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसाकडे डोळे लावून बसल्या होत्या. तिकडे एक मनुष्य खाणे जास्त झाले म्हणून पाव सोडत होता. इकडे पुढच्या काही वर्षांतच भाकरीचा तुकडा सरकारी तागडीत तोलला जाणार होता.

ती तागडी १८७७ सालची. दक्षिणेत आणि मुंबई इलाख्यात भीषण दुष्काळ पडला होता. सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवले की, कामावरच्या मजुराला दिवसाला १ पौंड धान्य पुरे. वर मीठमिरचीपुरते काही पैसे. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. त्यातून मिळणारी शक्ती फार तर सोळाशे कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० सालचा तक्ता सांगतो की, जड कष्ट करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३४७० कॅलरी हव्यात. म्हणजे खडी फोडणाऱ्याला निम्म्याहून कमी! मद्रासचे आरोग्य-आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी कडाडून विरोध केला. राबणाऱ्या देहाला अधिक धान्य हवे आणि नुसते धान्य नव्हे, डाळही हवी, असे त्यांनी दाखवून दिले. मुंबई इलाख्यात मजुरी कापल्यावर हजारो मजूर कामे टाकून चालते झाले. सार्वजनिक काका जोशी यांच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारदरबारी मांडली. मद्रासेत अखेर शिधा वाढवावा लागला. पण तोवर अगणित माणसे मेली होती. आपल्या वऱ्हाडावर अशी पाळी आली ती १८९९-१९०० च्या दुष्काळात.

दुसऱ्या टोकाला आखाडा. अमरावतीला १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा उभारला. पुढे तेच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६ साली या मंडळाच्या चमूने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. आखाडा म्हटला की खुराक आलाच: दूध, तूप, बदामाची थंडाई. पण नीट पाहा, पैलवान तूप खाई ते भाकरीऐवजी नव्हे, भाकरीखेरीज. आणि तो खुराक राजाश्रयाने, लोकवर्गणीने किंवा घरच्या म्हशींच्या जोरावर चाले. हमालाच्या मजुरीवर नव्हे.

शास्त्राची साक्षही काढू. १९३९ साली डेन्मार्कमध्ये क्रिस्टेनसेन आणि हॅन्सेन या दोघा संशोधकांनी काही धट्ट्याकट्ट्या माणसांना पायगाडीसारख्या यंत्रावर थकेपर्यंत पाय मारायला लावले. काही दिवस मुख्यतः स्निग्ध आहार दिल्यावर ती दीड तासाच्या आसपास थकली. पिष्टमय आहारानंतर तीच माणसे तीन तासांहून अधिक टिकली. कारण असे की, जोर लावण्याच्या कामाला स्नायू आपल्यात साठवलेली साखर जाळतात, आणि ती कोठी पिठूळ अन्नाने लवकर भरते. संथ आणि लांबलचक कामाला चरबी चालते. सवय झाल्यावर उत्तर ध्रुवाकडची माणसे तिच्यावरच जगत आली. पण गठाण उचलणे हे संथ काम नव्हे.

याचा अर्थ नुसती भाकरी पुरे, असाही नाही. १९६० साली डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी दाखवून दिले की, निव्वळ ज्वारीवर राहणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा त्वचेचा आणि मेंदूचा रोग दिसतो, आणि ज्वारीच्या प्रथिनांतल्या एका घटकाशी त्याचे नाते आहे. त्याला तोड म्हणजे डाळ, दूध, विविध अन्न. ज्वारी दोषी नाही. तिचे एकटेपण दोषी आहे.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र सरकारने कामे काढली. मे १९७३ मध्ये त्यांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. त्या वेळी वाटलेली सुकडी आजही वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहे. एका पौंडाच्या तागडीपासून सुकडीपर्यंत यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदाच झाला.

तेव्हा नव्या पंथाला विरोध नाही. त्याचा पत्ता तेवढा नीट लिहावा. ज्याचा आजा गठाणी वाहत होता आणि जो स्वतः गादीवर बसून हिशेब लिहितो, त्याने वैद्याला विचारून दोन भाकरी खुशाल कमी कराव्यात. पण ज्याचे अंग अजून राबते आहे, त्याच्या ताटातली भाकरी काढून घेण्याचा उपदेश कुणी करू नये. त्याला हवी आहे ती भाकरी तशीच, तिच्याजवळ वाटीभर वरण, आणि वर तेलाची लांब धार. रोजची, नुसती दिवाळीची नव्हे.

या दिवाळीला हमाल, गडी, मोलकरीण आपल्या दारी येतील. त्यांच्या हाती फराळाचा पुडा देताना चकली दोन जास्त घाला. तुमच्या ताटात त्या कमी झाल्या तर तुमच्याही प्रकृतीला बरे.