शिकागो, शनिवार दुपार

७ नोव्हेंबर १९३७, रविवार. शिकागोच्या पश्चिम भागात, इलिनॉय विद्यापीठाच्या मनोविकार संस्थेच्या दारात तुम्ही उभे आहात. मिशिगन सरोवरावरून येणारा वारा तुमच्या पुण्या-मुंबईच्या स्वेटरला मुळीच जुमानत नाही. मंदी संपली संपली म्हणता म्हणता या वर्षी पुन्हा आली आहे. कोपऱ्यावर खिशात हात घालून उभ्या असलेल्या पुरुषांना रविवार काय नि सोमवार काय, सारखाच. तुम्ही मात्र कोणालाच दिसत नाही. कालप्रवासाची ही सोय बरी, कारण त्या काळच्या शिकागोत सावळ्या कातडीला नुसतं दिसणंही महागात पडू शकत होतं.

आत या. एका खोलीत तीसेक माणसं बसली आहेत. कपडे इस्त्रीचे, केस नीट विंचरलेले. यातल्या अनेकांनी इन्सुलिनच्या गुंगीचे किंवा मेट्राझॉलच्या झटक्यांचे उपचार घेतले आहेत. मेट्राझॉलची सुई टोचल्यापासून झटका येईपर्यंत जे काही क्षण जातात, त्यांत आपण आता मरणार अशी भीती दाटून येते. दुसऱ्यांदा ती सुई नको म्हणून रुग्ण गयावया करतात. ते सारं सोसून ही माणसं सुधारली, घरी गेली. खरी पंचाईत तिथून पुढे. बहीण आपली मुलं जवळ ठेवून बाहेर जायला धजत नाही. नोकरीच्या मुलाखतीत साहेब विचारतो, गेले सहा महिने कुठे होता? आणि रात्री छातीत जरा धडधडलं, की ‘पुन्हा सुरू झालं’ या विचाराने सगळं घर जागं होतं.

समोर उभे आहेत डॉ. अब्राहम लो. वय ४६. जन्म पोलंडमधल्या बरानोव्हचा, वैद्यकीचं शिक्षण व्हिएन्नाचं, १९२० पासून मुक्काम अमेरिकेत. फ्रॉइडच्या व्हिएन्नातून आलेल्या या माणसाला मनोविश्लेषणाचं वावडं आहे. बालपण उकरत वर्षानुवर्षं कोचावर पडून राहायला या खोलीत ना कोणाकडे पैसा, ना वेळ. आज इथे ‘रिकव्हरी’ नावाची संघटना जन्माला येते आहे. सुरुवातीला ती रुग्णांना सक्तीने भरती करण्याच्या कायद्याविरुद्धही झगडेल, पण ती हकीकत इथेच सोडू. तुम्हाला पाहायचं आहे ते यानंतरचं.

म्हणून आता १९५० साली या. शनिवार दुपार, गावाच्या मध्यवस्तीतली खोली. लो यांचं ‘मेंटल हेल्थ थ्रू विल-ट्रेनिंग’ हे पुस्तक याच वर्षी निघालं आहे. टेबलाभोवती चार-पाच जण बसलेत. ते आजचं पॅनेल. बाकीचे समोरच्या खुर्च्यांवर. मागच्या रांगेतली एक खुर्ची तुमची. टेबलाशी बसलेला प्रत्येकजण कधी ना कधी रुग्ण होता.

पन्नाशीची एक बाई सांगू लागते. मंगळवारी संध्याकाळी ती भांडी धूत होती. नवरा अजून यायचा होता. एकाएकी धडधड सुरू झाली, हाताला मुंग्या आल्या, आता आपण पडणार असं वाटलं. तुम्ही पुढे सरकून बसता. काहीतरी भयंकर ऐकू येणार. बाई म्हणते, “मी भांडी धुवत राहिले.”

बस्स, एवढंच.

तुमचा थोडा हिरमोड होतो. यासाठी पाऊण शतक मागे आलो? पण खोलीतल्या कोणाचाच झालेला नाही. टेबलापलीकडचा टाय लावलेला माणूस विचारतो, “नवऱ्याचा राग आला होता?” बाई क्षणभर थांबते. आला होता. उशीर होणार हे त्याने कळवलं नव्हतं. दुसरी एक जण म्हणते, त्या रागापाठोपाठ भीती आली असणार, आपण संसाराला नालायक आहोत ही. बाई मान हलवते. लो यांच्या शिकवणीत संतापाच्या या दोन जाती आहेत: एक ‘तो चुकला’ म्हणणारी, दुसरी ‘मी चुकले’ म्हणणारी. दोन्हींनी धडधड वाढते. धडधड त्रास देते, जीव घेत नाही. भावनांवर आणि शरीराच्या लक्षणांवर हुकूम चालत नाही, पण विचारांवर आणि हातापायांवर चालतो. तेव्हा हात भांड्यांवर ठेवायचे. धडधड चढते तशी उतरते.

बोलण्याचा साचा ठरलेला आहे. आधी घडलेला साधा प्रसंग, मग शरीराला आणि मनाला काय झालं ते, मग शिकलेलं त्यात कुठे वापरलं ते. शेवटी, हे शिकण्याआधी असं झालं असतं तर काय केलं असतं? बाई या चौथ्या भागाला येते: रात्री अकराला डॉक्टरला उठवलं असतं, शेजारणीला बोलावलं असतं, आठवडाभर अंथरूण सोडलं नसतं. खोली हसते. बाईही हसते. स्वतःच्या आजारावर हसताना माणसं तुम्ही क्वचितच पाहिली असतील.

मग एक तरुण उठतो. नवा दिसतो. त्याला म्हणायचं असतं की हे सगळं ठीक आहे, पण माझं प्रकरण वेगळं आहे. पुन्हा हशा पिकतो. त्यात कुचेष्टा नसते. हे वाक्य इथल्या प्रत्येकाने पहिल्या आठवड्यात उच्चारलेलं असतं. आपण जगावेगळे, आपलं दुःख जगावेगळं, हीच समजूत इथे सगळ्यात जड सामान मानली जाते. इथे सरासरी माणूस होण्याची धडपड चालते, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. हेच डॉक्टर बोलला असता तर तो अपमान वाटला असता. ते म्हणण्याचा अधिकार या खोलीत फक्त आजार भोगलेल्याला आहे, आणि माझ्या मते या गटाचा सारा जीव तेवढ्यातच आहे.

शाबासकी निकालाला नसते, प्रयत्नाला असते. बाईची धडधड थांबली का, हे कोणी विचारलंच नाही.

बैठक सुटली की गप्पा होतात. नवा तरुण टायवाल्या माणसाशी बोलतो आहे. अडचण आली तर जुन्या सभासदाला फोन करायची मुभा आहे, पण पाच मिनिटांत आटपायचं. त्यापुढे गेलं की मदत संपते आणि रडगाणं सुरू होतं.

आता थोडं तिरकं बोलू द्या. लो शिस्तीचे कडक होते. डॉक्टरांच्या निदानावर शंका घेणं त्यांच्या लेखी स्वतःच्या बरं होण्यात खोडा घालणं होतं. आज हे खटकतं, खटकायलाच हवं. भांडी धुवत राहा, हा सल्ला नवऱ्याच्या वागण्याचा प्रश्न अलगद बाजूला सारतो, हेही आहेच. पण याच हट्टी डॉक्टरने १९५२ मध्ये बैठका चालवण्याचं काम रुग्णांमधूनच तयार झालेल्या नेत्यांवर सोपवलं. १९५४ मध्ये ते वारले आणि संघटना त्यांच्याविना चालत राहिली. पुढच्याच वर्षी अल्बर्ट एलिस यांनी आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली. एलिस मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचे. लो यांचं नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही, हा अन्याय आहे.

परत या. पुण्यात, ठाण्यात आज स्वमदत गट भरतात: स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे, त्यांच्या घरच्यांचे, व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांचे. तुमच्या घरातलं कोणी तिकडे निघालं तर ‘तिथे नुसतं बोलून काय होणार?’ असं विचारू नका, सोबत जा. गट औषधांची जागा घेत नाही. गोळ्या बंद करायच्या की नाही, हे डॉक्टरांशीच बोलायचं. आणि गटाचा दिवस लांब असेल, रात्र मात्र आत्ता जात नसेल, तर सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा चोवीस तास चालू असते. क्रमांक १४४१६. मराठीतही बोलता येतं.