करवतीचे वजन

माणसाने आयुष्यात एकदा तरी करवत विकत घ्यावी, असे कुठल्याही शास्त्रात सांगितलेले नाही. तरीही गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी वाशीमच्या पाटणी चौकाजवळच्या एका दुकानात, पेट्रोलवर चालणारी साखळीकरवत पोटाशी धरून, अवघडल्यासारखा उभा होतो. कारण एवढेच, की पावसाळ्यात आमच्या वावरातली बाभूळ आडवी झाली होती आणि थंडीत आईला आंघोळीला बंबातलेच पाणी लागते. गॅसवरच्या पाण्याने म्हणे अंग मोकळे होत नाही!

यंत्र सहा-सात किलोंचे होते. वीस वर्षे बँकेत रबरी शिक्के उचललेल्या माझ्या हाताला ते झेपेना.

"जरा हलकं दाखवा," मी म्हणालो.

"साहेब, लाकडं कितीक कापान?"

"वर्षातून चार रविवार."

"मंग पेट्रोलच्या भानगडीत पडूच नका. महिनोन्‌महिने पडून राह्यली का आतलं पेट्रोल शिळं होते अन् कार्बोरेटर चोंदते. ब्याटरीची घ्या. पातं बारा इंची घ्या. अन् पात्याचं टोक लाकडाले लावू नका, नाही तं मशीन उसळून आंगावर येते."

'उद्या सांगतो' म्हणून मी बाहेर पडलो. निर्णय होत नसला, की माणूस एकतर ज्योतिषाकडे जातो, नाहीतर इतिहासाकडे. ज्योतिषी पैसे घेतो, म्हणून मी इतिहासाकडे गेलो.

आणि पहिल्याच पानावर दचकलो. साखळीकरवत जन्मली ती जंगलात नव्हे, डॉक्टरांच्या हातात! अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्रे या स्कॉटलंडच्या दोन वैद्यांनी दातेरी साखळी वापरात आणली. दोन्ही टोकांना मुठी, हाताने पुढेमागे ओढायची. बाळंतपण अडले, की बाईच्या कमरेचा सांधा मोकळा करायला ती वापरीत. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. म्हणजे या करवतीने पहिल्यांदा सोसायला लावले ते बाईलाच.

पुढे 1926 साली जर्मनीच्या आंद्रेयास श्टील यांनी विजेवर चालणारी साखळीकरवत काढली. वजन सुमारे 48 किलो. उचलायला दोन माणसे. मग 1946 साली अमेरिकेत ऑरेगनच्या जो कॉक्स यांनी लाकूड पोखरणारी एक अळी पाहिली. ती डावीउजवीकडे जबडा चालवीत लाकूड आरामात खात होती. कॉक्स यांनी साखळीचे दात तिच्या जबड्यासारखे घडवले. 1950 साली एकट्या माणसाने चालवायची 16 किलोंची करवत आली, 1959 साली 12 किलोंची. 48चे 12! कॉमर्सचा पदवीधर म्हणून सांगतो, इतका इमानदार घसारा मी कुठल्या ताळेबंदात पाहिलेला नाही.

हे सारे रात्री जेवताना मी आईला ऐकवले. ती म्हणाली, "करवत कायले लागे बाप्पा? वावरात पऱ्हाट्याच पऱ्हाट्या राहेत. उपटल्या, वाळवल्या, मोडल्या, चुलीत घातल्या."

खरेच होते. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. कापूस साहेबाकडे गेला. मागे उरलेल्या पऱ्हाट्यांवर वऱ्हाडच्या भाकरी भाजल्या. मग आमच्या भागात सोयाबीन आले आणि पाहता पाहता वावरे व्यापून बसले. त्याने पैसा दिला, पण मागे राहते ते कुटार! ते चुलीत घातले, तर भाकरीपेक्षा डोळेच जास्त भाजतात. तुराट्या तेवढ्या उरल्या, पण त्या बंबात भुर्रकन जळून जातात. तेव्हा पऱ्हाटी गेली आणि बायका लाकडाच्या मोळीसाठी लांब लांब जाऊ लागल्या.

आईही जात असे. मी शाळेत असताना गंमत म्हणून तिची मोळी जिनिंगच्या काट्यावर ठेवली होती. 22 किलो. वर धरायला मूठ नाही, खाली फक्त चुंबळ. तेव्हा मी हसलो होतो. आता ताटावर बसून मनात हिशेब मांडला: करवत पुरुषाच्या हातात होती, म्हणून जर्मनीपासून अमेरिकेपर्यंत शहाणी माणसे तिचे वजन उतरवायला झटली. मोळी बाईच्या डोक्यावर होती. त्या 22चे 16 करायला कोणी अळीचा जबडा न्याहाळला नाही. उज्ज्वला योजना आली ती 2016 साली. आणि आजही सिलिंडर भरायला पैसे नसले, की डोक्यावर मोळी चढतेच.

दुसऱ्या दिवशी बँकेतून परस्पर जाऊन बॅटरीची करवत आणली. बॅटरीसकट साडेतीन किलो. घरी आल्यावर दंडाला बाम लावत मी ती ओसरीवर ठेवली.

आईने ती एका हाताने उचलली, खालीवर करून पाहिली आणि अलगद कोपऱ्यात ठेवली.

"हे तुले जड झालं?" तिने विचारले.