मायापुरीचा कोबाल्ट

एप्रिल 2010 च्या पहिल्या आठवड्यात दिल्लीतील एका खासगी रुग्णालयातून अणुऊर्जा नियामक मंडळाला सूचना गेली. मायापुरी या मोठ्या भंगारबाजारातील एक दुकानदार तेथे दाखल झाला होता. त्याची त्वचा काळवंडली होती, केस गळत होते आणि नेहमीच्या कोणत्याही विकारात ही लक्षणे बसत नव्हती. मापकयंत्रे घेऊन तज्ज्ञ बाजारात उतरले, तेव्हा भंगाराच्या ढिगांमध्ये कोबाल्ट-60 चे तुकडे सापडले. पुढील तपासात एक तुकडा चक्क एका व्यापाऱ्याच्या पैशांच्या पाकिटात निघाला. चकाकणारा धातू म्हणून त्याने तो जपून ठेवला होता.

हा धातू कोणत्या कारखान्यातून आला असावा, याविषयी आरंभी बरेच तर्क झाले. उत्तर निघाले ते विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने चार दशकांपूर्वी कॅनडाहून ‘गॅमासेल’ नावाचे यंत्र आणले होते. शिशाच्या जाड कवचाआड कोबाल्टच्या कांड्यांचे कडे, त्याच्या मध्यभागी नमुना उतरवण्याची नळकांड्यासारखी जागा, अशी त्याची साधी रचना. गॅमा किरणांनी रसायनांत कोणते बदल घडतात, हे त्यावर अभ्यासले जाई.

अशा यंत्राचे म्हातारपण इतर यंत्रांपेक्षा वेगळे असते. त्यात झिजणारा भाग जवळजवळ नसतो. झिजतो तो खुद्द किरणस्रोत. कोबाल्ट-60 चे अर्धायुष्य 5.27 वर्षांचे. म्हणजे जी मात्रा पहिल्या वर्षी एका तासात मिळे, तिच्यासाठी पाच वर्षांनी दोन तास लागतात आणि पंधराएक वर्षांनी जवळजवळ सात-आठ तास. संशोधक कंटाळतो, विषय बदलतो. दिल्लीतील यंत्र 1980 च्या दशकाच्या मध्यास वापरातून गेले. ते वापरणारे प्राध्यापक पुढे निवृत्त झाले. यंत्र मात्र खोलीत राहिले, आणि ते काय आहे हे सांगू शकणारी माणसे हळूहळू विभागातून नाहीशी झाली.

येथे सालांचा एक मेळ ध्यानात घेण्याजोगा आहे. यंत्र आले 1970 च्या सुमारास. नियामक मंडळाची स्थापना झाली नोव्हेंबर 1983 मध्ये. यंत्र जन्माला आले तेव्हा त्याची नोंद मागणारी आजची यंत्रणाच नव्हती, आणि यंत्रणा उभी राहून स्थिरावेपर्यंत यंत्र अडगळीत पडले होते. तरीही सगळा दोष काळाच्या या फटीवर टाकता येणार नाही. अशा स्रोतांची विल्हेवाट कशी लावावी याचे नियम 1987 मध्ये झाले, 2004 मध्ये ते अधिक काटेकोर झाले. निकामी स्रोत पुरवठादाराकडे परत पाठवणे किंवा अणुऊर्जा विभागाच्या यंत्रणेकडे सोपवणे हे मार्ग खुले होते. विद्यापीठाने निवडला तो आपल्याकडील प्रत्येक महाविद्यालयाच्या परिचयाचा मार्ग: जडवस्तू नोंदवहीतून निर्लेखन आणि लिलाव. फेब्रुवारी 2010 मध्ये ते यंत्र भंगार म्हणून विकले गेले. लिलावात मोल होते ते शिसे आणि पोलाद यांच्या वजनाचे.

मायापुरीत ते फोडण्यात आले. शिशाला गिऱ्हाईक होते, म्हणून कवच आधी उतरले. आणि कवच उतरताच चाळीस वर्षे बंदिस्त असलेले किरण मोकळे झाले. मूळ स्रोताचा तोवर सुमारे एकशे नव्वदावा भाग शिल्लक होता. ‘इतके जुने, म्हणजे निरुपद्रवी’ असा समज कोणाचाही व्हावा असा हा आकडा आहे. पण आरंभीची तीव्रता एवढी प्रचंड होती की तो अंशही प्राणघातक ठरला. दुकानात काम करणारा एक मजूर एप्रिलअखेर मरण पावला. आणखी काही जणांना दीर्घ उपचार घ्यावे लागले. प्रयोगशाळेशी यांपैकी एकाचाही संबंध नव्हता. गॅमा किरण हा शब्द त्यांनी बहुधा रुग्णालयातच प्रथम ऐकला असेल.

कुलगुरूंनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. नियामक मंडळाने विद्यापीठातील किरणोत्सारी पदार्थांच्या वापरावर बंदी आणली. घटनेची नोंद आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीवर चौथ्या पातळीची अशी झाली.

आज ‘हरित प्रयोगशाळा’ हा शब्द विद्यापीठांत रुळू लागला आहे. उणे 80 अंशांचे शीतकपाट उणे 70 वर चालवावे, धूरकपाटाची काच काम नसताना खाली ओढावी, प्लास्टिकच्या नळ्या कमी वापराव्यात, अशा सूचनांचे तक्ते भिंतींवर दिसतात. त्या सूचना योग्यच आहेत. पण त्यांचा सगळा रोख चालू असलेल्या यंत्रांवर आहे. भारतीय विद्यापीठांच्या मागच्या खोल्यांत बंद पडलेली यंत्रे आहेत: पाऱ्याचे दाबमापक, जुने तेलभरले ट्रान्सफॉर्मर, अक्षरे पुसलेल्या बाटल्या, कोणा निवृत्त प्राध्यापकाच्या कुलूपबंद कपाटातील थोरियमची संयुगे. त्यांना वीज लागत नाही, म्हणून ऊर्जेच्या हिशेबात ती दिसत नाहीत. खरेदीच्या प्रस्तावात यंत्राची किंमत असते, देखभालीचा करारही असतो. वीस वर्षांनी ते कोण, कोठे आणि कोणाच्या खर्चाने नेणार, याचा रकाना क्वचितच असतो. मायापुरीत तो खर्च अखेर झालाच, फक्त तो एका मजुराने भरला.

ताब्यात घेतलेला कोबाल्ट उत्तर प्रदेशातील नरोरा अणुविद्युत केंद्रात हलवण्यात आला. 2010 ते 2026 या सोळा वर्षांत त्याची तीन अर्धायुष्ये सरली; त्या एप्रिलमध्ये जेवढा होता, त्याचा साधारण आठवा भाग आता उरला आहे.