औषधपाण्याचा जमाखर्च : चेरीतालच्या मराठी घरांचा

जबलपूर ही बावन तालांची नगरी, असे येथील जुनी माणसे सांगत आली आहेत. त्यांपैकी राणीताल राणी दुर्गावतीचा, आधारताल तिचा प्रधान आधारसिंह याचा आणि चेरीताल तिच्या दासीचा, अशी परंपरा आहे. चेरी म्हणजे दासी, हा अर्थ आपल्या जुन्या मराठी काव्यालाही अपरिचित नाही. आज चेरीतालात पाणी नाही. तलाव बुजला आणि त्यावर वस्ती उभी राहिली. मंडळाच्या पन्नास वर्षांतील गणेशोत्सव, नाटके आणि हळदीकुंकू यांचा इतिहास या अंकात अन्यत्र येईलच. आम्ही येथे वळत आहोत तो एका अनुत्सवी इतिहासाकडे : आपल्या घरांत आजारपण आले तेव्हा त्याचे पैसे कोणी दिले?

आमच्या आजीची जमाखर्चाची एक वही अद्याप घरात आहे. १९५२ सालच्या पावसाळ्यात आमच्या थोरल्या काकांना विषमज्वर झाला. आजोबा एका खाजगी पेढीवर हिशेबनीस होते. त्या काळी विषमज्वरावर क्लोरोमायसेटिन हे नवे औषध आले होते; गुण रामबाण, परंतु किंमत मध्यमवर्गाच्या छातीत धडकी भरविणारी. वहीत त्या पंधरवड्यात ‘कॅप्सुला’ हा शब्द सात वेळा आहे आणि आठव्या ओळीत जमेच्या बाजूला ‘बांगड्या २’ एवढेच लिहिले आहे. त्याच महिन्यात शेजारच्या घरीही तोच ताप आला होता. ते गृहस्थ गनकॅरेज कारखान्यात होते. त्यांच्या मुलाचे औषध कारखान्याच्या रुग्णालयातून आले आणि रजाही पगारी मिळाली. दोन्ही मुले वाचली. त्या घरातल्या काकूंनी आमच्याकडे पंधरा दिवस पेज पाठविली, हे आजी शेवटपर्यंत सांगत असे. बांगड्यांविषयी मात्र तिने कधी चकार शब्द काढला नाही.

एकाच तापाचे दोन घरांत दोन हिशेब झाले. यात कोणाची कर्तबगारी नव्हती की कोणाचा आळसही नव्हता. फरक होता तो नोकरीचा. मराठी माणूस या मुलखात आला तो प्रथम सत्तेबरोबर. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सागरचे मराठे आणि मागाहून नागपूरकर भोसले यांचा येथे अंमल बसला, तो १८१७ साली संपला. पुढे मात्र आपण आलो ते चाकरीसाठी. १८७० साली मुंबईची रेल्वे येथे येऊन कलकत्त्याच्या मार्गाला मिळाली. १९०४ साली गनकॅरेज कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा आयुधनिर्माण कारखाना आणि १९६९ साली वाहन कारखाना. १९५६ साली नागपूरची राजधानी गेली आणि नव्या मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरास आले. त्याबरोबर वकील आले, कारकून आले. मुलीचे स्थळ पाहताना ‘रेल्वेत आहे’ किंवा ‘फॅक्टरीत आहे’ हे शब्द आपल्या वडीलधाऱ्यांना इतके गोड का वाटत, याचे कारण केवळ पेन्शन नव्हते. त्या शब्दांत पत्नीची बाळंतपणे, मुलांचे ताप आणि आईबापांचे म्हातारपण यांची तरतूद सामावलेली होती.

या छत्राबाहेरही आपलीच माणसे होती. पौरोहित्य करणारे भटजी, शिकवण्या घेणारे मास्तर, दुकानावरचे गुमास्ते, आणि चार घरी पोळ्या करून मुले वाढविणाऱ्या विधवा. त्यांना आधार होता तो सरकारी रुग्णालयाचा. शहरात व्हिक्टोरिया होते. बायकांसाठी लेडी एल्गिन होते, ज्याला आता राणी दुर्गावतीचेच नाव आहे. आणि १९५५ पासून मेडिकल कॉलेज. किरकोळ दुखण्याला मोहल्ल्यातला डॉक्टर असे. त्याचा कंपाउंडर बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून मिक्श्चरचे डोस आखून देई, आणि पैसे पगार झाल्यावर दिले तरी चालत.

पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारास मुकू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच सरकारपुढे मांडले होते. काही अंशी ते आचरणातही आले. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिन देशात बनू लागले. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधे स्वस्त होण्याचा मार्ग मोकळा केला. १९८६-८७ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत रुग्णालयात दाखल होणाऱ्या शंभरांपैकी सुमारे साठ जण सरकारी खाटेवर होते. १९९५-९६ च्या पाहणीत हा आकडा चव्वेचाळिसाच्या खाली आला. अवघ्या नऊ वर्षांत एवढा पालट व्हावा, आणि त्याची चर्चा आपल्या ओसरीवर एकदाही होऊ नये, याचे आम्हांला आज नवल वाटते. कदाचित ज्यांच्या ओसरीवर चर्चा होत असे, ते छत्राखालचे होते.

२०१७-१८ च्या पाहणीप्रमाणे बाळंतपणे वगळता सरकारी रुग्णालयातील एका मुक्कामाचा सरासरी खर्च ४,४५२ रुपये होता. खाजगीत ३१,८४५ रुपये. यात मोडलेली मजुरी नाही. जबलपूरकराला नागपूर गाठण्याचा जुना परिपाठ आहे. पूर्वी नैनपूर-गोंदियाच्या छोट्या गाडीने, आता सिवनीच्या सडकेने. तेथे सोबत्याचे जेवणखाण, नातलगाकडे किती दिवस राहावे याचा संकोच, मागे राहिलेल्या मुलांची शाळा, हे कोणत्या पावतीत लिहायचे? बिलापेक्षा या खर्चानेच घरे खचलेली आम्ही पाहिली आहेत.

अलीकडे सरकारचा हात पुन्हा थोडा पुढे आला आहे, हे मान्य केले पाहिजे. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांच्या खिशाचा वाटा २०१३-१४ साली शेकडा ६४ होता, तो २०२१-२२ साली शेकडा ३९ वर उतरला. २०१८ साली आयुष्मान भारत योजना आली. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, त्यात प्रवेश मिळाला. चार घरी पोळ्या करणाऱ्या त्या पिढीपैकी जी हयात आहे, तिला कार्ड मिळू शकते. परंतु हे कार्ड मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर चालते. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या रोजच्या गोळ्या दुकानातूनच आणाव्या लागतात, आणि आपल्या वडीलधाऱ्यांचा पैसा महिन्यामागून महिना जातो तो त्यांतच.

दरम्यान छत्र घेऊन बसलेली घरेही बदलली. कारखान्यांच्या मंडळाचे २०२१ साली सात कंपन्यांत विसर्जन झाले. मुले पुण्याला, बंगळुरूला खाजगी कंपन्यांत आहेत. कंपनी आईवडिलांचा विमा उतरविते, पण मुलाने नोकरी बदलली की तो विमाही बदलतो किंवा सुटतो. चेरीतालात मागे राहिलेले काका-काकू मग पावत्यांची कापडी पिशवी उघडून बसतात, आणि मुलाचा फोन येतो तेव्हा तब्येत उत्तम असल्याचे सांगतात.