कृपा, प्रीती आणि कोल्हापूरची मंडळी

आजचा विषय ऐकायला प्रवचनाचा वाटेल, पण मी तो इतिहासाच्या बाजूने मांडणार आहे. ख्रिस्ती मंडळींच्या बोलण्यात तीन शब्द सतत येतात : देवाची प्रीती, देवाची कृपा आणि रोजच्या जगण्यातलं शिष्यपण. उपासनेत हे शब्द म्हणायला सोपे असतात. पण दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी ते कोल्हापूर-मिरजेच्या भागात शाळा, दवाखाना आणि पगार घेऊन आले, तेव्हा त्यांचं काय झालं? आज हा प्रश्न आपल्याला बघायचा आहे.

आधी ‘कृपा’ हा शब्द नीट समजून घेऊ. ख्रिस्ती विचारात कृपा म्हणजे न कमावलेलं दान. माणसाची पात्रता बघून देव प्रेम करत नाही. तो आधी प्रेम करतो आणि त्या प्रेमाने माणूस बदलतो. आता बघा, आपल्याकडे हा विचार अगदीच परका नव्हता. संतांच्या अभंगांवर वाढलेल्या माणसाला देवाची कृपा माहीत होती. पण समाजाचा व्यवहार चालायचा तो ‘अधिकार’ या शब्दावर. कोणाला कोणत्या विहिरीचा अधिकार, कोणाला कोणत्या मंत्राचा अधिकार. कोल्हापुरात तर १८९९-१९०० च्या सुमारास वेदोक्त प्रकरणात खुद्द छत्रपतींच्या अधिकाराबद्दल शंका घेतली गेली. अशा गावात कोणी म्हणालं की देवापुढे कोणाचाच अधिकार नाही आणि म्हणून सगळ्यांना सारखंच मिळतं, तर ती गोष्ट फक्त धर्माची राहत नाही.

आता कोल्हापूरच्या मिशनकडे येऊ. रॉयल गोल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी आधी अहमदनगरला होते. १८५२ च्या अखेरीस ते कोल्हापुरात आले. त्यांना पाठवणारी संस्था म्हणजे अमेरिकन बोर्ड. वाइल्डर यांनी इथे शाळांवर जोर दिला. नेमकं तिथेच बोर्डाशी त्यांचं बिनसलं. १८५४-५५ मध्ये बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन पाहणीसाठी हिंदुस्थानात आले. त्यांचं मत असं की मिशनरीचं मुख्य काम उपदेश आणि देशी मंडळी उभी करणं. शाळा, त्यातही इंग्रजी शाळा, हे दुय्यम. वाइल्डर यांना हे पटलं नाही. प्रकृतीमुळे १८५७ मध्ये ते अमेरिकेला परतले, तिथे त्यांनी या शाळांच्या बाजूने एक अख्खं पुस्तक लिहिलं आणि १८६१ मध्ये बोर्डाच्या आधाराशिवाय पुन्हा कोल्हापूर गाठलं. पुढची जवळपास नऊ वर्षं त्यांनी हे काम स्वतंत्रपणे चालवलं. १८७० मध्ये अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन मंडळाने ते आपल्याकडे घेतलं.

हा वाद कारकुनी नव्हता. त्याच्या मुळाशी एक खरा प्रश्न होता. जो मुलगा शाळेत येईल, शिकेल, पण कधीच ख्रिस्ती होणार नाही, त्याच्यावर खर्च का करायचा? हिशेबाच्या नजरेने बघितलं तर ते नुकसानच. पण कृपा जर खरोखर फुकट असेल, तर तिची परतफेड मागता येत नाही. अँडरसन यांचीही बाजू अगदी टाकाऊ नव्हती, हेही सांगायला हवं. देशी मंडळी लवकर स्वतःच्या पायावर उभी राहावी, परदेशी माणसाने कायमचं मालक होऊन बसू नये, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे एकाला दान मोकळं हवं होतं आणि दुसऱ्याला दान घेणारा मोकळा व्हायला हवा होता. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा साधायच्या, हे कोडं पुढची शंभर वर्षं सुटलं नाही.

वाइल्डर कुटुंबातली पुढची पिढीही बघण्यासारखी आहे. मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. पुढे १८८६ मध्ये अमेरिकेत माउंट हर्मन इथल्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनकार्यासाठी नावं दिली, त्यामागे हा कोल्हापूरचा मुलगा होता. त्यातून उभी राहिलेली विद्यार्थी चळवळ जगभर गेली. तिची गणना इतिहासाच्या पुस्तकांत होते. पण त्याची बहीण ग्रेस आणि आई एलायझा या दोघी वडिलांच्या मृत्यूनंतर परत इकडे आल्या आणि इस्लामपूरच्या बाजूला खेड्यापाड्यांत राहून काम करत राहिल्या. ग्रेस या नावाचा अर्थच कृपा. भावाच्या कामाला सभा, भाषणं, आकडे होते. बहिणीच्या कामाला उन्हातली पायपीट होती. शिष्यपण हा शब्द मला दुसऱ्या कामाला जास्त लागू वाटतो.

आता दवाखान्याकडे वळू. विल्यम वॉन्लेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर १८८९ मध्ये या भागात आले, आधी सांगलीला आणि मग मिरजेला. १८९४ मध्ये मिरजेचं रुग्णालय उभं राहिलं. पुढे तिथेच डॉक्टर आणि परिचारिका यांचं शिक्षण सुरू झालं. कुष्ठरुग्णांची आणि क्षयरोग्यांची सोय झाली. १९२८ मध्ये वॉन्लेस यांना ‘सर’ हा किताब मिळाला, १९३३ मध्ये ते वारले. मिरजेजवळचं वॉन्लेसवाडी हे नाव आजही आहे, आणि कोल्हापुरात मेरी वॉन्लेस हॉस्पिटल माहीत नसलेला रिक्षावाला सापडणं कठीण.

पण डॉक्टरांचं नाव घेताना आपण परिचारिकांना विसरतो. त्या काळी दुसऱ्याचं रक्त, पू, मलमूत्र साफ करणं हे काम ‘खालच्या’ जातीचं समजलं जाई आणि बाईमाणसाने परक्या पुरुषाची सेवा करणं हे तर अब्रू घालवणं. महाराष्ट्रात परिचर्येच्या कामात सुरुवातीला ज्या स्त्रिया पुढे आल्या, त्यांत ख्रिस्ती स्त्रियांचा वाटा मोठा होता. त्यांतल्या कित्येक अशा घरांतून आल्या होत्या, ज्यांची सावलीही गावाला चालत नव्हती. आणि आता त्यांच्याच हातून गाव औषध घेत होतं. देवाच्या प्रीतीवर दहा प्रवचनं ऐकून जे समजत नाही, ते अशा एका औषधाच्या पेल्याने समजत असेल. घेणारा इथे देणारा झाला होता.

पण सगळंच असं सरळ झालं नाही. १८९६ पासून प्लेग, १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ. महाराष्ट्रभर मिशनांनी अनाथ मुलं सांभाळली. तेव्हापासून ‘भाकरीसाठी धर्म सोडला’ हा टोमणा ख्रिस्ती माणसाला चिकटला. हा टोमणा भुकेल्या माणसाचा अपमान करणारा आहे, हे खरं. पण ज्याच्या हातात धान्याचं कोठार, शाळेची नोकरी आणि राहायची खोली आहे, त्याच्या तोंडची ‘कृपा’ घेणाऱ्याला मोकळी वाटते का, हा प्रश्नही खोटा नाही.

हा प्रश्न मंडळीच्या आतून सर्वांत धारदारपणे मांडला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. वाइल्डर यांना ज्या अमेरिकन बोर्डाने पाठवलं होतं, त्याच बोर्डाच्या मराठी मिशनमध्ये टिळकांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी ख्रिस्ताची प्रीती अभंगांत आणली, टाळ-मृदंगासह कीर्तनात आणली. पण मिशनच्या पगारावर राहून मिशनरी आणि देशी ख्रिस्ती यांच्यात साहेब आणि नोकर हेच नातं उरतं, हे त्यांना सहन होईना. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्ताचं शिष्यपण पत्करणाऱ्या सगळ्यांना त्यात जागा होती. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं.

टिळकांनी मिशनवर उपकार विसरल्याचा शिक्का घेतला असता, पण त्यांनी गुलामी घेतली नाही. कृपा मिळालेल्या माणसाने कृपा देणाऱ्या संस्थेला ‘तू मालक नाहीस’ असं सांगितलं. जर्मन धर्मज्ञ दीत्रिख बोनहॉफर यांनी १९३७ मध्ये, हिटलरच्या काळात, शिष्यपणावर पुस्तक लिहिलं आणि ‘स्वस्त कृपा’ व ‘मोलाची कृपा’ असा भेद केला. कृपा फुकट मिळते, पण ती घेतल्यावर आयुष्य पूर्वीसारखं ठेवता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश. साताऱ्याला टिळकांनी वीस वर्षं आधी हेच जगून दाखवलं होतं.

आता आजच्या काळाकडे एक नजर टाकू. मिशनरी गेले. कोल्हापुरात वाइल्डर मेमोरियल चर्च आहे, शाळा आहेत, मराठीतून उपासना होते. पण एक जुनं ओझं राहिलंच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता होता. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणजे ज्या आजीने प्रभुभोजनाच्या पंगतीत जात सोडली, तिच्या नातवाला गाव अजून जातीनेच ओळखतं, आणि कागद मात्र म्हणतो की तुला जात नाही. शिष्यपणाची ही किंमत घरोघरी मोजली जाते, तिच्यावर कोणी पुस्तक लिहीत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. देवाची कृपा आहे की नाही, हे इतिहासकार सिद्ध करू शकत नाही. ते त्याचं काम नव्हे. तो फक्त एक तपासू शकतो : जिथे कृपेचं नाव घेतलं गेलं, तिथे घेणारा माणूस कायमचा हात पसरलेला राहिला, की उभा राहून दुसऱ्याला देऊ लागला? मिरजेच्या वॉर्डातल्या त्या परिचारिकांनी आणि नोकरी सोडणाऱ्या टिळकांनी आपापल्या परीने याचं उत्तर दिलं आहे. आपल्या मंडळीत, आपल्या संस्थेत, आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या बाबतीत तेच उत्तर काय येतं, हे ज्याचं त्याने बघायचं.